परवडणारे घर : मर्यादा कोण ठरवते, हिशेब कसा करायचा?

नाशिकमधील वाचकांनी घरांविषयी पाठवलेल्या पत्रांतून सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे दिलेली नाहीत. उत्तरांतील कर्जाचे हिशेब नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरून केले आहेत. या अटींवर एक लाख रुपयांच्या कर्जाला दरमहा सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो, एवढे ध्यानात ठेवले तर आपापल्या उत्पन्नावर हा हिशेब कोणालाही मांडता येईल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही खासगी नोकरीत असून आमचे एकत्रित उत्पन्न दरमहा पन्नास हजार रुपये आहे. पाथर्डी फाट्याकडील एका प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘परवडणारी घरे, ४२ लाखांपासून’ असे वाचून चौकशी केली, तेव्हा तेवढे कर्ज आमच्या पगारावर बसणार नाही असे बँकेने सांगितले. मग या घराला परवडणारे म्हणायचे कशावरून? (इंदिरानगर)

उत्तर : जाहिरात कायद्याच्या दृष्टीने चुकीची नाही आणि बँकेचे म्हणणेही बरोबर आहे, कारण परवडणाऱ्या घराची एकच एक व्याख्या आपल्याकडे नाही, ज्या यंत्रणेला जे काम करायचे आहे, त्या कामापुरती तिने आपली मर्यादा आखून घेतली आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का आणि इतर घरांवर ५ टक्के कर आहे. त्यासाठी नाशिकसारख्या, महानगरांच्या यादीत नसलेल्या शहरात घराचे चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ९६९ चौरस फूट, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असावी लागते. आपण पाहिलेली जाहिरात याच मर्यादेवर उभी आहे. रिझर्व्ह बँकेने प्राधान्य क्षेत्रातील, म्हणजे बँकांना ज्यासाठी कर्जाचा ठरावीक वाटा ठेवावा लागतो त्या गटातील, गृहकर्जासाठी १ एप्रिल २०२५ पासून दहा ते पन्नास लाख लोकसंख्येच्या शहरांत घराच्या किमतीची मर्यादा ५७ लाख ठेवली आहे, आणि २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार लोकसंख्या असलेले नाशिक त्या गटात येते.

या दोन्ही मर्यादा घराकडे पाहतात, घेणाऱ्याकडे पाहत नाहीत. घेणाऱ्याकडे पाहणाऱ्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि त्यांचाही आपसांत मेळ नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल, तीन ते सहा लाखांचे अल्प उत्पन्न गटातले आणि सहा ते नऊ लाखांचे मध्यम उत्पन्न गटातले धरले जाते. म्हाडाच्या सोडतीसाठी मात्र २०२२ पासून दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत दुर्बल गटाची मर्यादाच सहा लाख आहे. आपले वार्षिक उत्पन्न सहा लाख होते. म्हणजे आपले कुटुंब एका दारी अल्प उत्पन्न गटातले आणि दुसऱ्या दारी दुर्बल गटातले ठरते.

माझ्या मते या सर्वांत सर्वाधिक उपयोगी कसोटी दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कृतिगटाने २००८ मध्ये सुचवलेली आहे, कारण ती कुटुंबाच्या मिळकतीपासून सुरुवात करते. दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीपेक्षा अधिक नसावी आणि हप्ता किंवा भाडे मासिक उत्पन्नाच्या तीस टक्क्यांवर जाऊ नये, असे त्या गटाने म्हटले होते. आपल्या बाबतीत तीस टक्के म्हणजे पंधरा हजार रुपये, आणि त्यावर बसणारे कर्ज साधारण साडेसोळा लाख. चौपटीच्या हिशेबाने घर चोवीस लाखांच्या आत हवे. उलट ४२ लाखांच्या घरासाठी ऐंशी टक्के कर्ज काढले, तर ३३ लाख ६० हजारांवर दरमहा सुमारे ३०,२४० रुपये हप्ता येतो, जो आपल्या उत्पन्नाच्या साठ टक्के आहे. शिवाय ८ लाख ४० हजार रुपये आधी हाती हवेत आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क वेगळेच. हा हप्ता तीस टक्क्यांत बसायचा असेल तर घरात दरमहा एक लाखाहून अधिक, म्हणजे वर्षाला बारा लाखांवर उत्पन्न यावे लागेल. अशा कुटुंबाला आवास योजना मध्यम गटातही धरत नाही. कराच्या कागदावर परवडणारे असलेले घर घेण्याइतके ज्याचे उत्पन्न आहे, तो गृहयोजनेच्या कागदावर मदतीला अपात्र आहे, ही विसंगती मला गंभीर वाटते, कारण अशी घरे वाढली की शहरात परवडणारी घरे वाढली असा समज होतो आणि आपल्यासारखी कुटुंबे जिथल्या तिथेच राहतात.

आपल्यापुरते सांगायचे तर देशात कोठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसेल, तर आवास योजनेतील व्याज अनुदानाचा विचार करावा. ३५ लाखांपर्यंतचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज ही त्याची मर्यादा असून अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आहे व ते वार्षिक हप्त्यांत मिळते. त्याच्या भरवशावर मात्र मोठे कर्ज अंगावर घेऊ नये.

प्रश्न : साडेसहाशे फुटांचे घर म्हणून दाखवले, प्रत्यक्षात खोल्या लहान वाटल्या. कोणते माप धरायचे? (जेल रोड)

उत्तर : फक्त चटई क्षेत्र धरावे. स्थावर संपदा कायद्यानुसार त्यात घराच्या आतील वापरण्याजोगी जागा आणि आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची येत नाहीत. या कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण असलेल्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीत ते दिलेले असते. वर सांगितलेली वस्तू व सेवा कराची क्षेत्रमर्यादाही चटई क्षेत्रावरच मोजली जाते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत राहते. तेथील शहराचे कमिशन परवडणाऱ्या घराची व्याख्या ठरवून त्याप्रमाणे नियोजन करते असे ती सांगते. नाशिकचे महापालिका आयुक्त आपल्या शहरासाठी असा आकडा का जाहीर करत नाहीत? (सिडको, निवृत्त शिक्षक)

उत्तर : अमेरिकेतील काही शहरांत निवडून आलेल्या कारभारी मंडळाला सिटी कमिशन म्हणतात, आपल्याकडील आयुक्त हे राज्य शासनाने नेमलेले प्रशासकीय अधिकारी असतात, त्यामुळे दोघांच्या अधिकारांची थेट तुलना होत नाही. तरीही तेथील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तेथे घराचा एकूण खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत असला तर घर परवडणारे मानतात. हे प्रमाण सरकारी घरांच्या भाड्यासाठी पूर्वी पंचवीस टक्के होते, ते १९८१ मध्ये तीस झाले. केंद्रीय गृहनिर्माण खाते प्रत्येक परिसराचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न, म्हणजे ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात तो आकडा, दरवर्षी प्रसिद्ध करते आणि त्याच्या ऐंशी, पन्नास व तीस टक्के अशा पायऱ्या पाडते. शहराचे मंडळ मग कोणत्या पायरीवरच्या कुटुंबांसाठी किती घरे हवीत हे ठरवते, आणि सवलत घेऊन बांधलेल्या घरांच्या दस्तातच अशी अट घालता येते की पुढील अनेक वर्षे ते घर त्याच उत्पन्न गटाला, ठरलेल्या भाड्याने किंवा किमतीने द्यावे. एवढे करूनही तेथील अनेक शहरांत घरांची टंचाई आहे. पण टंचाई नेमकी कोणाला आहे, हे तेथे आकड्यांत दिसते.

आपल्याकडे हे अधिकार विखुरलेले आहेत. उत्पन्नाच्या मर्यादा केंद्र आणि राज्य ठरवते, कराची मर्यादा वस्तू व सेवा कर परिषद, कर्जाची रिझर्व्ह बँक, बांधकामाचे नियम राज्याचा नगरविकास विभाग, आणि सोडत म्हाडा काढते. या मर्यादा ठरताना नाशिकमधील मजुरी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराचा पगार किंवा येथील जमिनीचा भाव यांचा वेगळा विचार होत नाही. लोकसंख्येचा गट पाहून नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक एकाच रकान्यात बसतात.

मात्र महापालिकेच्या हाती काहीच नाही असे मानणे बरोबर नाही. जमिनीवरील आरक्षणे, बांधकाम परवानगी, इमारत राहण्यास खुली करणारा भोगवटा दाखला, पाणी आणि मलनिस्सारणाच्या वाहिन्या कोठे आधी जातील याचा क्रम, हे सर्व तिच्याकडे आहे, आणि घराची किंमत बऱ्याच अंशी यावरच ठरते. एक गोष्ट तर उद्यापासून करता येण्याजोगी आहे : वर्षभरात ज्या घरांना परवानगी आणि भोगवटा दाखला दिला, त्यांची चटई क्षेत्रानुसार आणि विभागानुसार मोजणी करून ती प्रसिद्ध करणे. ३० चौरस मीटरच्या आतील किती, ६० च्या आतील किती आणि त्यावरील किती, ही माहिती मंजूर नकाशांत असतेच. ती एकत्र मांडली की पंचवटीत काय घडते आहे आणि गंगापूर रोडला काय, हे नागरिकांनाही दिसेल आणि नियोजन करणाऱ्यांनाही.

प्रश्न : मोठ्या प्रकल्पांत वीस टक्के घरे गरिबांसाठी ठेवावी लागतात असे ऐकले. आमच्या भागात एवढे मोठे प्रकल्प झाले, पण अशी घरे कोणाला मिळाल्याचे दिसत नाही. नियम नेमका काय आहे? (मखमलाबाद रोड)

उत्तर : नियम आहे, आणि माझ्या मते शहरातील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानात, ज्यात २००५ नंतर नाशिकची निवड झाली होती, गृहप्रकल्पांतील विकसित जमिनीचा वीस ते पंचवीस टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखावा ही एक सुधारणा सांगितलेली होती. महाराष्ट्रात २०१३ मध्ये त्याला नियमाचे रूप आले आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सर्वसमावेशक गृहनिर्माणाच्या नावाने तो कायम राहिला. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रात ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे अभिन्यास (लेआउट) मंजूर करताना वीस टक्के भाग लहान भूखंडांसाठी, आणि इमारती बांधताना मूळ चटई निर्देशांकाच्या (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामाच्या) वीस टक्के इतके बांधकाम लहान घरांसाठी ठेवावे लागते. ही घरे कोणाला द्यायची हे विकासक ठरवत नाही. म्हाडाचे नाशिक मंडळ सोडतीतून लाभार्थी निवडते. किंमत बाजारभावाने न ठरता वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनर) बांधकाम दराच्या आधारे ठरते. त्यामुळे शहरात घर महाग करणारी सर्वांत मोठी बाब, म्हणजे जमिनीचा भाव, या घरांच्या किमतीतून बाजूला पडतो. शिवाय ही घरे चुंचाळ्याच्या किंवा आडगावच्या टोकाला एकत्र न होता वस्तीत मिसळून, शाळा, बस आणि दवाखाना जवळ असलेल्या ठिकाणी उभी राहतात. हे दोन्ही लाभ एकत्र देणारा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

मग घरे दिसत का नाहीत? नियमाची कड एक एकरावर आहे, आणि जेथे कड असते तेथे तिच्या आत राहण्याचा मोह असतो. मोठ्या जमिनीचे परवानगीपूर्वीच तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा ४,००० चौरस मीटरच्या आत ठेवला, तर प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र परवानगी मिळते आणि वीस टक्क्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. नाशिकमधील या घरांचा प्रश्न २०२२ मध्ये विधान परिषदेपर्यंत गेला होता आणि त्यानंतर महापालिका व म्हाडा यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीकडे लक्ष वेधले गेले. दुसरी अडचण त्या देवाणघेवाणीचीच आहे : परवानगी महापालिका देते, घरे म्हाडाने वाटायची असतात, आणि परवानगीची माहिती वेळेवर पोहोचली नाही तर घर कागदावरच राहते. यावर नियमावलीतच एक चांगली तरतूद आहे, ती म्हणजे या लहान घरांना भोगवटा दाखला मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला तो देऊ नये. ही एक अट काटेकोर पाळली गेली तरी पुष्कळ काही साधेल.

आपल्या भागातील एखाद्या प्रकल्पाविषयी शंका असल्यास माहितीच्या अधिकाराखाली महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मंजूर अभिन्यासाची प्रत, एकूण क्षेत्र आणि वीस टक्क्यांखालील घरांची संख्या मागता येते. अर्जात सर्व्हे क्रमांक लिहावा; केवळ प्रकल्पाचे नाव लिहिल्यास नोंद सापडत नाही असे उत्तर येण्याचा संभव असतो.

प्रश्न : मी पंचवटीत धुणीभांडी करते. आमची वस्ती नदीकाठी आहे. पुराचे पाणी येते म्हणून कधीतरी उठवतील, आणि घरकुल दिले तरी लांब देतील अशी भीती वाटते. लांबचे घर फुकट मिळाले तर ते परवडणारेच नाही का, असे लोक विचारतात. (पत्र मुलीने लिहून पाठवले आहे.)

उत्तर : ताई, आपली भीती अवास्तव नाही. २००८ आणि २०१९ च्या पुरांत गोदाकाठच्या घरांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी पूररेषा असून तिच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. त्यामुळे तेथेच पक्के घर बांधून मिळणे कठीण आहे, हे आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी अडीच लाखांपर्यंत मदत मिळते, पण त्यासाठी जागेची मालकी लागते.

तरीही लांबचे घर फुकट म्हणून परवडणारे, हे मला पटत नाही. आपण चार-पाच घरची कामे चालत जाऊन करत असाल. घर आठ-दहा किलोमीटरवर गेले तर सकाळचे पहिले काम सुटते, दुपारची घरी येण्याची सोय जाते, बसचे भाडे रोजचे होते, आणि मुलीची शाळा बदलते. घटलेली मिळकत आणि वाढलेला खर्च या दोहोंची बेरीज घराच्या किमतीतच धरली पाहिजे. पूर्वीच्या अभियानात महापालिकेने चुंचाळे, वडाळा अशा ठिकाणी घरकुले बांधली. अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्याला चुंचाळे जवळ आहे, पण ज्याचे पोट रामकुंडाच्या आसपास आहे त्याला ते शहराचे दुसरे टोक आहे. पुनर्वसनाची यादी करताना कुटुंब कोठे राहते याबरोबरच कोठे कमावते याची नोंद झाली, तर घरकुल बंद ठेवून पुन्हा नदीकाठी येण्याची वेळ कोणावर येणार नाही. सर्वेक्षणाला कर्मचारी येतील तेव्हा कामाचे ठिकाण लिहून घेण्याचा आग्रह धरावा, आणि मतदार यादी, वीजबिल, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले असे जुने पुरावे पुरापासून सुरक्षित ठेवावेत. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला कायद्याने संरक्षण आहे आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपड्यांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे, म्हणून तारखेचा पुरावा महत्त्वाचा.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, पगार अठरा हजार. मला घर विकत घ्यायचे नाही, भाड्याचे चांगले हवे. त्यासाठी काही योजना आहे का? आणि शहराच्या नियोजनात आमच्यासारख्यांनी आपले म्हणणे मांडायचे कोठे? (अशोकनगर)

उत्तर : तीस टक्क्यांच्या कसोटीवर आपल्याला ५,४०० रुपये भाडे परवडते. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे, आणि राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणातही औद्योगिक कामगार, नोकरदार महिला व विद्यार्थी यांच्या भाड्याच्या घरांचा विचार आहे. ज्या शहरात कारखाने आहेत तेथे भाड्याच्या घरांना मालकीच्या घरांइतकेच महत्त्व मिळायला हवे असे मला ठामपणे वाटते, कारण कंत्राट दर वर्षी बदलणाऱ्या कामगाराने वीस वर्षांचे कर्ज घ्यावे ही अपेक्षाच रास्त नाही. सध्या जेथे राहत असाल तेथे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्यावा. कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकास आराखड्यात आहे. नाशिकचा सुधारित आराखडा राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्यातील आरक्षित जमिनी ताब्यात घेण्यासाठी महापालिकेला अमर्याद मुदत नसते. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. ही दहा वर्षे २०२७ मध्ये भरत आहेत. ते सिंहस्थाचेही वर्ष असल्याने महापालिकेचा पैसा आणि मनुष्यबळ रस्ते, घाट व साधुग्रामाकडे वळलेले असेल, म्हणून हा विषय आताच लावून धरला पाहिजे. घरांसाठी राखलेले एखादे आरक्षण बदलायचे असल्यास कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. अशी सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत येते. हरकत साध्या कागदावर मराठीत लिहून देता येते, तिला वकील लागत नाही. हरकतीत सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि त्या जागेपासून आपल्या कारखान्याचे अंतर लिहावे, सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. कामगार संघटनेच्या नावाने एक आणि प्रत्येक कामगाराच्या नावाने स्वतंत्र, अशा दोन्ही प्रकारे हरकती द्याव्यात.